वाचक विचारतात : डीएनए बँक मोठी केली की गुन्हेगार सापडतात का?

मागच्या अंकात डीएनए तपासणीवर छोटी चौकट होती, आणि तिच्यात शेवटी एक वाक्य टाकलं होतं की डीएनए बँकेसाठी वेगळा कायदा आपल्या देशात अजून झालेला नाही. त्या एका वाक्यावर एवढ्या मेल आल्या की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकलंय. काहीजण भडकलेत की अजून का झाला नाही, काहीजण घाबरलेत की झाला तर आमचं काय. नावं छापत नाही, गावं छापते.

प्रश्न (पुणे) : मॅडम, आधार काढताना बोटांचे ठसे घेतले, डोळे स्कॅन केले, तेव्हाच प्रत्येकाच्या थुंकीचं सॅम्पल घेऊन ठेवलं असतं तर आज एकही बलात्कारी, खुनी मोकळा फिरला नसता. सगळ्यांचाच डीएनए घेऊन टाका ना एकदाचा. ज्याने काही केलं नाही त्याला भीती कशाची?

उत्तर : काका, तुमच्या मेलमधला राग मला कळतो, पण आधी ही बँक चालते कशी ते बघू. बँकेत तुमचा अख्खा डीएनए ठेवत नाहीत. डीएनएवरच्या ठरावीक जागा तपासतात, अमेरिकेत २०१७ पासून अशा २० जागा आहेत, प्रत्येक जागेचे दोन आकडे, वर स्त्री की पुरुष एवढी नोंद. म्हणजे प्रोफाइल म्हणजे आकड्यांची एक ओळ. आणि याद्या दोन असतात, एका यादीत माणसांची प्रोफाइल्स, दुसऱ्या यादीत गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या रक्ताची, वीर्याची, केसाची. कॉम्प्युटर फक्त दोन्ही याद्या जुळवून बघतो. वधूवर सूचक मंडळात नुसती मुलांचीच स्थळं लाखभर भरली आणि मुलीचं एकही स्थळ नसेल तर लग्नं किती जमतील, तसंच आहे हे. तुम्ही म्हणताय ती सगळी भरती एकाच यादीत होणार.

आणि हे मी मनाने सांगत नाही, इंग्लंडमध्ये झालंय हे. तिथली राष्ट्रीय डीएनए बँक १९९५ ची. २००४ पासून त्यांनी नियम केला की जवळपास कुठल्याही नोंद होणाऱ्या गुन्ह्यात नुसती अटक झाली तरी सॅम्पल घ्यायचं, आणि माणूस निर्दोष सुटला तरी कायमचं ठेवायचं, हे तर २००१ पासूनच होतं. एका ११ वर्षांच्या मुलाचंही ठेवलं होतं, तो कोर्टात सुटला तरी. ती केस युरोपच्या मानवी हक्क कोर्टात गेली आणि डिसेंबर २००८ मध्ये १७ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की हे चालणार नाही. मग २०१२ चा कायदा आला आणि १७ लाखांहून जास्त प्रोफाइल्स पुसली गेली. आता तुमच्या हिशेबाने तिथे गुन्हेगार सापडायचं प्रमाण धाडकन पडायला हवं होतं ना? पडलं नाही. गुन्ह्याच्या जागचं नवं प्रोफाइल बँकेत टाकलं की कुणाशी तरी मॅच मिळण्याचं प्रमाण पुढच्या वर्षांत उलट वर जाऊन दोन तृतीयांशाच्या आसपास पोचलं. कारण गुन्हे करणारे बरेचसे तेच तेच असतात आणि ते बँकेत होतेच.

दुसरीकडे डेट्रॉइट बघा. २००९ मध्ये तिथल्या पोलिसांच्या गोदामात ११ हजारांहून जास्त बलात्कार तपासणीची किट्स (पीडितेच्या अंगावरून, कपड्यांवरून घेतलेले नमुने ज्यात असतात ती) न तपासता पडलेली सापडली, काही तर कित्येक वर्षांपूर्वीची. अमेरिकेच्या बँकेत तेव्हा लाखो गुन्हेगारांची प्रोफाइल्स होती, पण जुळवायचं कशाशी, किट गोदामात! नंतर ती तपासली तेव्हा शेकडो सिरियल बलात्कारी कळले. म्हणजे बँक मोठी होती, तिजोरी भरलेली होती, उपयोग शून्य, कारण दुसरी यादी कुणी भरलीच नव्हती.

सगळ्या देशाचा डीएनए घ्यायचा प्रयोगही करून झालाय बरं का. कुवेतने २०१५ मध्ये मशिदीतल्या बॉम्बस्फोटानंतर कायदाच केला, नागरिक, तिथे राहणारे परदेशी, सगळ्यांचा डीएनए सक्तीने. यात आपली तिकडे नोकरीला गेलेली माणसंही आली असती. पण ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांच्याच घटनात्मक कोर्टाने तो कायदा रद्द केला.

आणि अजून एक, जे कुणाला ऐकायला आवडत नाही. एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याचे, आकडे वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मालक, लग्नाचं वचन दिलेला. तिथे 'कोण' हा प्रश्नच नसतो, नाव फिर्यादीतच असतं. तिथे डीएनए कामाला येतो, नक्की येतो, पण त्याच्यासाठी बँक लागत नाही, त्या एकाच माणसाचं सॅम्पल पुरतं. बँकेचा खरा उपयोग अनोळखी हल्लेखोर आणि पुन्हा पुन्हा गुन्हा करणारा, या दोघांसाठी. तो उपयोग मोठा आहे, मी नाही म्हणत नाही. पण 'एकही सुटला नसता' हे काही खरं नाही.

प्रश्न (लातूर) : आपल्याकडे कायदाच नाही असं तुम्ही लिहिलंत, पण माझ्या भाच्याला एका मारामारीच्या केसमध्ये अटक झाली तेव्हा पोलिसांनी सांगितलं की आता नवीन कायद्याप्रमाणे सगळं घेता येतं. मग खरं काय?

उत्तर : दोन्ही खरं आहे, आणि गोंधळ तिथेच आहे. डीएनए बँकेसाठीचं वेगळं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं, त्यात राष्ट्रीय बँक, प्रादेशिक बँका, नियामक मंडळ, गुन्ह्याची जागा, संशयित, गुन्हेगार, बेपत्ता आणि अनोळखी मृतदेह अशा वेगवेगळ्या याद्या, सगळं होतं. स्थायी समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला, आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने विधेयकच मागे घेतलं.

पण त्याच्या आधीच, २०२२ मध्ये, दुसरा एक कायदा येऊन गेला होता, १९२० चा कैद्यांच्या ओळखीचा जुना कायदा काढून त्याच्या जागी. जुन्यात बोटांचे नि पावलांचे ठसे, मापं, फोटो एवढंच होतं. नव्यात बुबुळ, रेटिना, सही, हस्ताक्षर आणि जैविक नमुने व त्यांचं विश्लेषण, हे सगळं 'मापं' या एका शब्दात बसवलंय. डीएनए हा शब्द ठळकपणे नाही, पण जैविक नमुन्याचं विश्लेषण म्हटलं की तो आलाच. हा डेटा एनसीआरबीकडे जाणार आणि ७५ वर्षं राहणार. पंचविशीत अटक झाली तर शंभरी गाठेपर्यंत!

आता भाच्याचं. जैविक नमुना द्यायला अटक झालेला माणूस नाही म्हणू शकतो, जर गुन्हा बाईविरुद्ध किंवा लहान मुलाविरुद्ध नसेल आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा नसेल तर. साध्या मारामारीचं कलम असेल तर बहुतेक नाही म्हणता आलं असतं, पण कलमं काय लावलीत ते एफआयआर बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही, तुमच्या वकिलाला विचारा. निर्दोष सुटला आणि आधीची शिक्षा नसेल तर रेकॉर्ड नष्ट करायची तरतूद कायद्यात आहे, मात्र सगळी अपिलं संपल्यावर, आणि कोर्टाने ठेवा म्हटलं तर तेही राहतं. आपल्याकडे अपिलं किती वर्षं चालतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.

'स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही' हा घटनेतला हक्क इथे का चालत नाही असं अजून दोघांनी विचारलंय, त्यांच्यासाठी इथेच. १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायाधीशांनी ठरवलं की बोटांचे ठसे देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे. त्याच रस्त्याने पुढे डीएनएही गेला. सक्तीची नार्को टेस्ट मात्र २०१० मध्ये सुप्रीम कोर्टात अडकली, कारण तिथे माणसाच्या मनातलं काढून घेतात.

माझं मत विचाराल तर, बँक हवी की नको यापेक्षा मला याचाच जास्त त्रास होतो की मागे घेतलेल्या विधेयकात निदान नियामक मंडळ होतं, लॅबला मान्यता लागणार होती, माहिती फोडली तर शिक्षा होती. आता गोळा करायची सोय आहे आणि त्यावर लक्ष ठेवणारं वेगळं कुणी नाही.

प्रश्न (कोल्हापूर, एलएलबी दुसरं वर्ष) : डीएनए मॅच झाला की केस संपलीच ना? आमचे सर म्हणतात कोर्टात त्याच्याएवढा भक्कम पुरावा नाही.

उत्तर : सरांना माझा नमस्कार सांग, आणि मग दिल्लीची छावला केस वाच. फेब्रुवारी २०१२, १९ वर्षांची मुलगी, अपहरण, अत्याचार, खून. तिघांना खालच्या कोर्टाने फाशी दिली, हायकोर्टाने कायम केली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिघांना सोडलं. डीएनए रिपोर्ट विरोधात होता बरं, तरी. सॅम्पल १४ आणि १६ फेब्रुवारीला घेतलेली, लॅबला गेली २७ ला, मधले दिवस पोलिसांच्या मालखान्यात. त्या काळात त्यांना हात लागला नाही याची खात्री कोण देणार? शिवाय लॅबवाल्याने नेमकी कुठली पद्धत वापरली, ती नीट वापरली का, हे खालच्या कोर्टात कुणी तपासलंच नव्हतं. देश हळहळला, मुलीच्या आईवडिलांचं काय झालं असेल ते सांगायला नको, पण निकाल वाचलास तर तपासाची ढिलाई पानापानावर दिसते.

नंतर जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या तेनी जिल्ह्यातल्या २०११ च्या दुहेरी खुनात असंच झालं, फाशीची शिक्षा झालेला माणूस सुटला, आणि या वेळी कोर्टाने सगळ्या देशासाठी नियमच घालून दिले. सॅम्पल घेतल्यापासून ४८ तासांत लॅबला पोचलं पाहिजे, जबाबदारी तपास अधिकाऱ्याची. उशीर झाला तर का झाला ते डायरीत लिहायचं. सील केलेलं पाकीट ट्रायल कोर्टाच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही. आणि कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेलं याचं रजिस्टर शेवटच्या निकालापर्यंत ठेवायचं.

हे सगळं कारकुनी वाटतं ना? पण केस तिथेच बुडते. आपल्या कोर्टात बसून बघ कधी, 'सीए रिपोर्ट (म्हणजे लॅबचा तपासणी अहवाल) आला का' हा प्रश्न आणि पुढची तारीख, हेच ऐकू येईल. आता १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जायलाच हवं असं आहे, पण राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांपर्यंत मुदत दिलीय. महाराष्ट्रात कलिनाची मुख्य लॅब आणि पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथल्या प्रादेशिक लॅब आहेत. तुझ्याच गावात आहे एक. पण ओला कपडा सावलीत न वाळवता प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला की त्याला बुरशी येणार, डीएनए कुजणार, मग लॅब कितीही भारी असो, तिथला माणूस काय करणार. कागदी पाकीट लागतं, आणि ते घटनास्थळी पंचनामा करणाऱ्याच्या बॅगेत लागतं.

आणि मॅच खरा असूनही माणूस निर्दोष असू शकतो. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात एका भारतीय वंशाच्या उद्योजकाचा घरात घुसून खून झाला, त्यांच्या नखांवर एका बेघर माणसाचा डीएनए मिळाला, बँकेत मॅच झाला, अटक झाली. तो काही महिने जेलमध्ये. नंतर त्याच्या वकिलांनी काढलं की त्या रात्री तो दारू पिऊन बेशुद्ध, हॉस्पिटलात ॲडमिट होता. मग नखांवर कसा? ज्या ॲम्ब्युलन्सच्या लोकांनी संध्याकाळी त्याला उचललं, तेच नंतर खुनाच्या जागी गेले होते, त्यांच्यामार्फत. नशीब की तो हॉस्पिटलात होता, घरी एकटा झोपला असता तर कुणी विश्वास ठेवला असता?

जर्मनीचा किस्सा तर अजून भारी. हाइलब्रॉन गावात २००७ मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला, तिथे सापडलेला एका बाईचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या ४० च्या आसपास गुन्ह्यांशी जुळला, खून काय, घरफोड्या काय. पेपरवाल्यांनी तिला चेहरा नसलेली बाई वगैरे नावं दिली, तीन लाख युरोचं बक्षीस लागलं. २००९ मध्ये कळलं की अशी कुणी गुन्हेगार नाहीच, सॅम्पल घ्यायचे कापसाचे बोळेच दूषित होते, ते तयार करताना हाताळणाऱ्या एका कामगार बाईचा डीएनए होता तो. बँक जेवढी मोठी आणि सॅम्पल जेवढं सूक्ष्म, तेवढे असले घोळ शोधायची तयारी हवी. भक्कम पुरावा म्हणजे फक्त मॅच नाही, मॅचपर्यंतचा सगळा प्रवास, हे परीक्षेत लिही, मार्क मिळतील.

प्रश्न (नाशिक) : ताई, हा प्रश्न मी स्वतःसाठी विचारतेय. अत्याचाराच्या केसमध्ये माझं सॅम्पल हॉस्पिटलात घेतलं होतं. उद्या बँक झाली तर माझं नावही त्या गुन्हेगारांच्या यादीत जाईल का?

उत्तर : जाता कामा नये. तुझं सॅम्पल यासाठी घेतात की कपड्यावर, अंगावर सापडलेल्या मिश्र डीएनएमधून तुझा कुठला ते कळावं आणि उरलेला आरोपीचा म्हणून वेगळा काढता यावा. काम तेवढंच. तपासणी तुझ्या संमतीनेच व्हायला हवी, हे कायद्यात स्पष्ट आहे.

पण तुझी भीती उगाच नाहीये. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये उघड झालं की एका बाईने काही वर्षांपूर्वी अत्याचाराच्या तपासात दिलेलं सॅम्पल पोलिसांच्या लॅबने आपल्या स्थानिक डेटाबेसमध्ये ठेवलं, आणि नंतर मालमत्तेच्या एका गुन्ह्यात त्याच्यावरूनच तिला पकडलं. तिथल्या सरकारी वकिलांनीच हे बाहेर काढलं, खटला सोडून दिला, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने पीडितेचा डीएनए दुसऱ्या कशासाठीही वापरायला बंदी करणारा कायदा केला. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा हे कलम पहिल्या पानावर हवं, कारण उद्या ही भीती पसरली तर बायका हॉस्पिटलात सॅम्पलच देणार नाहीत, आणि मग सुटणार कोण ते वेगळं सांगायला नको. तुझ्या केसची पुढची तारीख काय आहे, वकील मिळालाय का, ते मला वेगळ्या मेलवर कळव. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

प्रश्न (रत्नागिरी) : अमेरिकेतल्या पुतण्याने सगळ्यांना पूर्वज शोधायचं डीएनए किट पाठवलंय, नळीत थुंकून परत पाठवायचं. त्याचा गुन्हेगारीशी काही संबंध येतो का?

उत्तर : येतो. कॅलिफोर्नियात १९७० आणि ८० च्या दशकात एका माणसाने १३ खून आणि पन्नासच्या आसपास बलात्कार केले, सरकारी बँकेत त्याचं प्रोफाइल नव्हतं. २०१८ मध्ये पोलिसांनी जुन्या सॅम्पलची माहिती जीईडीमॅच नावाच्या वंशावळीच्या वेबसाइटवर टाकली, लांबचे भाऊबंद सापडले, त्यावरून वंशवृक्ष काढत काढत शेवटी ७२ वर्षांच्या माणसाच्या दारात पोचले, आणि तो निघाला माजी पोलीस! त्याने स्वतः कुठेच थुंकलं नव्हतं, थुंकले ते त्याचे नातेवाईक. म्हणजे खासगी वेबसाइटवर तुम्ही दिलेली माहिती तुमच्या एकट्याची नसते, कोकणातल्या सगळ्या भावकीची असते. ती साइट आता पोलिसांना शोधू द्यायचं की नाही हे आधी विचारते. मी काही पाठवू नका म्हणणार नाही, पण हो म्हणण्याआधी ती बारीक अक्षरं वाचा, आणि काकूंना, आत्यांनाही विचारा.

प्रश्न (ठाणे) : आमचे वडील विसरभोळे झाले होते, चार वर्षांपूर्वी घरातून गेले ते गेलेच. बेवारस मृतदेहांचा डीएनए ठेवतात का, आमचा देऊन ठेवता येईल का?

उत्तर : तुमची मेल वाचून काय लिहावं कळत नव्हतं. बँकेच्या सगळ्या भांडणात हा भाग सगळ्यात कमी वादाचा आहे आणि सगळ्यात जास्त रखडलाय. अनोळखी मृतदेहांचे डीएनए प्रोफाइल ठेवा म्हणून एक जनहित याचिका सुप्रीम कोर्टात होती, २०१८ मध्ये केंद्राने सांगितलं की विधेयक आणतोय, आणि विधेयकाचं पुढे काय झालं ते वर लिहिलंच आहे. अहमदाबादच्या जून २०२५ च्या विमान अपघातात बघा, नातेवाईकांची सॅम्पल घेऊन डीएनएवरून मृतदेह ओळखून घरच्यांच्या ताब्यात दिले गेले, म्हणजे आपल्या लॅबना हे जमतं. फरक एवढाच की तिथे प्रवाशांची यादी होती, कुणाला कुणाशी जुळवायचं ते माहीत होतं. बेवारस मृतदेहाच्या बाबतीत दुसरी यादीच नसते.

तुम्ही करू शकता ते असं: मिसिंगची तक्रार जिथे दिली त्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या की आम्ही संदर्भ नमुना द्यायला तयार आहोत, अर्जाची पोच घ्या. तुमचा नमुना आणि जमल्यास सख्ख्या भावाबहिणींचाही असू दे, एकापेक्षा जास्त मुलांचे असले की जुळवणी पक्की होते, आई हयात असतील तर त्यांचाही, त्याने तुमच्यातला वडिलांचा भाग वेगळा काढता येतो. वडिलांचा जुना टूथब्रश, दाढीचं रेझर कुणी अजून ठेवलं असेल तर धुऊ नका, कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवा.

प्रश्न (सोलापूर) : जुळ्या भावांपैकी एकाने गुन्हा केला तर?

उत्तर : एकसारखे जुळे असतील तर नेहमीच्या तपासणीत दोघांचं प्रोफाइल एकच येणार, मशीनला फरक कळणार नाही. बोटांचे ठसे मात्र त्यांचेही वेगळे असतात. त्यामुळे तुमच्या भावाने काही उद्योग केला असेल तर आधी त्याला विचारा की हातमोजे घातले होते का.